आईचं एकशेवीस ऐंशी

"सर, तुमचं स्वतःचं बीपी किती आहे?"

प्रश्न माझा नव्हता. अल्फिया आणि साक्षीनं तो चिठ्ठीवर लिहून माझ्या वहीत सरकवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'विचारलंस तर दोन दिवस आमच्या डब्यातलं सगळं तुझं.' दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, मी आठवीत होते. त्याआधी मी हजेरी देतानासुद्धा इतकी हळू बोलायचे की मी समोर बसलेली असतानाही जाधव सर मला गैरहजर मांडायचे. पण त्या पंधरा ऑगस्टला ऐन माझ्या भाषणात माईक बंद पडला आणि मी अख्खं भाषण बिनमाईकचं ओरडून केलं. रस्त्यावरची माणसं थांबली. तेव्हापासून माझं तोंड उघडलं ते उघडलंच.

पाहुणे होते डॉक्टर भिलारे, आमच्या आरोग्य केंद्रात नवीनच आलेले. अर्धा तास ते सांगत होते की ताण घेतला की हृदयाला दुप्पट काम पडतं, बीपी वाढतं, आणि वाढलेलं बीपी काही बोलत नाही, म्हणून ते मोजावं लागतं. सगळं फळ्यावर काढून. मग म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय?" आणि मी उठले.

वर्गात खसखस पिकली. जाधव सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, डबा मिळेल पण खायला मी उरणार नाही.

"माझं?" डॉक्टर म्हणाले. खिशातला रुमाल काढून त्यांनी कपाळ पुसलं. "खरं सांगू? सहा महिने झाले, मोजलंच नाही."

"मग मोजा की सर!" मागून कुणीतरी.

ते हसले, खुर्चीवर बसले, आणि त्यांनी पिशवीतला पट्टा स्वतःच्याच दंडाला बांधला. पन्नास पोरं श्वास धरून त्या मशीनच्या आकड्याकडे बघत होती. १४८/९४.

"जास्त आहे," डॉक्टर म्हणाले. एवढंच. मग पट्टा सोडत म्हणाले, "आता तुमचा गृहपाठ. आज घरी जाऊन आई-वडिलांचं बीपी लिहून आणायचं. विचारून नाही, मोजून. मशीन नसेल तर आशाताईकडे जायचं."

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. कारण आशाताई म्हणजे माझी आई.

तिचं नाव खरं उज्ज्वला. उज्ज्वला संपत खराडे. पण ती आशा कार्यकर्ती झाली तेव्हापासून गाव तिला आशाताईच म्हणतं. शेजारच्या वस्तीतल्या एका आजोबांनी तर लग्नपत्रिकेवर 'सौ. आशा खराडे' छापून आणलं होतं. आई त्यावर दोन दिवस हसत होती. ती पत्रिका तिनं जपून ठेवलीय. त्याआधी बारा वर्षं ती 'संपतची मंडळी' होती, तिला पत्रिका यायचीच नाही, पप्पांना यायची.

त्या संध्याकाळी मी ऐटीत घरी गेले. आमच्याकडे मशीन घरचंच. आई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"आई, तुझं बीपी किती?"

"एकशेवीस ऐंशी," तिनं वर न बघता सांगितलं.

"कधी मोजलंस?"

"परवा."

"आणि पप्पांचं?"

"एकशेवीस ऐंशी."

"दोघांचं सारखंच?"

"नवराबायको हाय आम्ही," आई म्हणाली. "सरक जरा, धूर येतोय."

मी तिची सर्वेक्षणाची वही काढली. गावातल्या तीस वर्षांवरच्या सगळ्यांची नावं त्यात, घरोघर फिरून मोजलेली. प्रत्येकाचा आकडा वेगळा. १३६/८८. ११०/७०. माळी आजींचं १७०/१००, त्याच्याखाली लाल रेघ आणि 'गोळी रोज घेते का, विचारणे'. आणि आमच्या घराच्या ओळीत मागच्या वर्षी एकशेवीस ऐंशी, ह्या वर्षी एकशेवीस ऐंशी, दिवाळीच्या आधी, दिवाळीच्या नंतर. अक्षर मात्र फार सुरेख.

"आई, हात दे."

"पीठ हाय हाताला."

"दंडाला नाही ना."

खूप भांडल्यावर ती पाटावर टेकली, तीही अशी की एक डोळा तव्यावर. मशीन गुरगुरलं. १६४/१०२.

"सेल गेल्यात त्याचे," आई म्हणाली.

मी टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून घातले. १६०/१००. भाकरी तव्यावर करपली. आईनं पट्टा सोडला, मशीन डबीत ठेवलं, डबी पेटीत ठेवली, आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"पप्पांना सांगू नको, प्राजू."

"का?"

"काय म्हणतील ते, ठाऊक हाय ना तुला? काम सोड म्हणतील. एवढंच निमित्त पाहिजे." तिनं करपलेली भाकरी बाजूला काढली, ती नेहमी तिचीच असायची. "हे काम गेलं तर माझ्याकडं काय राहतंय गं?"

एवढी बडबडी झालेली मी! आणि दुसऱ्या दिवशी गृहपाठाच्या वहीत मी काय लिहिलं? 'आई १२०/८०, वडील १२०/८०.' तिच्यासारख्याच सुरेख अक्षरात.

जाधव सरांनी वह्या गोळा केल्या आणि टेबलावर आपटल्या. "पन्नासातल्या चाळीस घरांत एकशेवीस ऐंशी! सगळ्या गावाला एकच हृदय हाय काय रे?"

वर्ग हसला. मी पण हसले. मधल्या सुट्टीत साक्षीच्या डब्यातली शेंगपोळी माझ्यासमोर आली, ती मी तशीच डब्यात परत ठेवली.

चार दिवसांनी, मधल्या सुट्टीच्या आधी, छबूमावशी वर्गाच्या दारात आली. शाळेच्या भिंतीला लागूनच अंगणवाडी आहे, छबूमावशी तिथं खिचडी शिजवते. "सर, प्राजूला जरा सोडा. तिची आई बसलीय आमच्याकडं. माळावरची वस्ती चढून आली अन् छातीत जळजळतंय म्हणतीय."

मी धावले. आई अंगणवाडीच्या पायरीवर भिंतीला टेकून बसली होती. तोंड पांढरं, कपाळावर घाम. हातात सोड्याची बाटली.

"पित्त हाय गं," ती म्हणाली. "सकाळपासनं नुसता चहा झाला. घरटी चहा."

"पित्त नाहीय," मी म्हणाले.

"तू डॉक्टर झालीस काय?"

आईनं छबूमावशीकडे बघून हसायचा प्रयत्न केला. आईच्याच पिशवीत 'छातीत दुखल्यास पित्त समजून घरी बसू नका' असं छापलेले पन्नास कागद होते, त्या आठवड्यात घरोघर वाटायचे.

त्या संध्याकाळी पप्पा आले. ते दूध संघाच्या टँकरवर ड्रायव्हर आहेत, सहाला घरी येतात. त्यांनी बूट काढायच्या आत मी सांगून टाकलं. एकशे चौसष्ट, एकशे दोन, पायरी, सोडा, सगळं. आई चुलीपाशीच होती. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही.

पप्पा एक बूट हातात धरून तसेच उभे राहिले. ते ओरडणारे नाहीत, घाबरले की त्यांचा आवाज उलट खाली जातो. "उद्या डॉक्टरकडं जायचं," ते हळू म्हणाले. "आणि काम बंद. परवापासनं. दिवसभर उन्हातानात, ह्याच्या दारात, त्याच्या दारात, फोन तर सारखा वाजतोय. टेन्शनचं घर हाय ते काम."

आई मला एवढंच म्हणाली, "सांगितलंस?" आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. डबा द्यायची, वेणी घालायची, पण बोलायची नाही. वेणी फार घट्ट घालायची.

डॉक्टर भिलाऱ्यांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. ती बरी आली. रक्त घेतलं. मीठ, लोणचं, पापड बंद केलं. म्हणाले, "दुखणं परत आलं तर एक मिनिट थांबायचं नाही. सोडा नाही, ओवा नाही, सरळ इकडं."

"डॉक्टर, मुळावरच घाव घालतो," पप्पा म्हणाले. "कामच सोडायला लावतो. सगळं टेन्शन तिथलंच हाय."

"असेल," डॉक्टर म्हणाले. "पण आधी मोजू. एका आकड्यावर काही ठरत नाही. आठवडाभर रोज तीन वेळा मोजायचं, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. मोजायच्या आधी पाच मिनिटं खुर्चीवर गप्प बसायचं, पाय जमिनीला टेकवून. आणि आकड्याच्या पुढं लिहायचं की त्याआधी काय चाललं होतं."

आई पहिल्यांदा बोलली. "आठवडा झाल्यावर काय दिसंल ते दिसंल. तोवर मी काम करणार."

पप्पांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर छताकडे बघत होते.

"चालंल," पप्पा म्हणाले. "आठवडा. पण आकडा खरा पाहिजे."

"मग हिनं मोजायचं नाही," मी म्हणाले. "ही एकशेवीस ऐंशी लिहिते."

डॉक्टरांना हसू आलं, पण लगेच त्यांनी ते आवरलं. आणि माझ्या हातात आखलेला कागद आला.

सकाळी सात वाजता घरी, दुपारी मधल्या सुट्टीत अंगणवाडीत, संध्याकाळी सात वाजता परत घरी. मी मशीन दप्तरात घेऊन फिरायचे. अल्फिया मला 'डॉक्टरीणबाई' म्हणायला लागली. पहिल्या दिवशी अंगणवाडीतल्या बुटक्या खुर्चीवर आई गुडघे छातीशी घेऊन बसली तेव्हा छबूमावशी म्हणाली, "आशाताई, अशी बसलीस तर बीपी न्हाई, बाळ येईल!" सगळ्या बायका हसल्या. लस द्यायला आलेल्या बायका, त्यांची पोरं, सगळा कालवा. मी शेवटी मोठ्या माणसांची खुर्ची शाळेतून मागून आणली आणि पाच मिनिटं कुणालाही बोलू दिलं नाही.

१२६/८२.

"मशीन बिघडलंय," ह्या वेळी मी म्हणाले.

संध्याकाळी घरी, १५८/९८. कागदावर मी लिहिलं, 'त्याआधी: भाकरी, आमटी, पप्पांचा डबा घासला, पाहुण्यांना चहा, प्राजूचा युनिफॉर्म धुतला.'

दुसऱ्या दिवशी दुपारी १३०/८४. त्या दिवशी तर आई माळावरच्या वस्तीला जाऊन आली होती, दोन गरोदर बायकांना घेऊन आली होती, एकीच्या सासूशी भांडून आली होती. भांडण सांगताना तिचे डोळे चमकत होते. संध्याकाळी १६२/१००.

तिसऱ्या दिवशी एक वेगळीच गोष्ट झाली. संध्याकाळी मी मशीन काढायच्या आधीच आई पडवीत खुर्ची टाकून बसली होती. पाय जमिनीला टेकवून, हात मांडीवर, डोळे मिटलेले.

"झाली पाच मिनिटं," मी म्हणाले.

"न्हाई झाली."

"झाली आई, मी घड्याळ बघितलंय."

"अजून दोन मिनिटं हायत," तिनं डोळे न उघडता सांगितलं. "गप बस जरा."

मी गप्प बसले. आतून पप्पांनी हाक मारली, "उज्ज्वला, माझा टॉवेल?" मी आत जाऊन टॉवेल दिला. तो दारामागच्या खिळ्यालाच होता, त्यांच्या हातापासून वीतभर.

मग रविवार आला. रविवारी अंगणवाडी बंद, आईचं काम बंद. पप्पा म्हणाले, "आज बघ, आज खरा आकडा येईल. आज आराम हाय तिला."

रविवारी आमच्याकडे दोन्ही काका येतात, काकू येतात, पोरं येतात. दहा-अकरा माणसं. मटण असतं. धाकट्या काकांना झणझणीत रस्सा लागतो, पप्पांना बेताचा, म्हणून दोन पातेली. मी सकाळीच मोजलं, दुपारी एकला मोजलं, सात वाजता मोजलं. दुपारी त्या पाच मिनिटांत आईला चार वेळा उठावं लागलं. लिंबू कुठंय, पाणी आण, अजून एक भाकरी. चौथ्या वेळी मीच आतून ओरडले होते, "आई, माझे पांढरे मोजे कुठंयत?" ओरडून झाल्यावर मी स्वतःच मशीन घेऊन तिच्यासमोर आले. ते पण मी कागदावर लिहिलं.

सोमवारी आम्ही तिघं एका गाडीवर बसून आरोग्य केंद्रात गेलो. मी मध्ये, कागद माझ्या दप्तरात. मला माहीत होतं आई कशाची वाट बघतेय. आज तिचं काम राहणार की जाणार, ते ठरणार होतं.

डॉक्टरांनी कागद टेबलावर पसरला आणि बराच वेळ त्यावर बोट फिरवत राहिले.

"दुपारचे आकडे कुठले?"

"कामावरचे," मी म्हणाले. "अंगणवाडीतले."

"एकशेसव्वीस, एकशेतीस, एकशेअठ्ठावीस." ते पप्पांकडे वळले. "कामावर ह्यांचं बीपी जवळजवळ ठीक आहे. संध्याकाळी घरी आल्यावर वाढतं. आणि हा रविवार बघा. एकशेछप्पन्न, एकशेबहात्तर, एकशेअडुसष्ट. आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवस."

"रविवार?" पप्पा म्हणाले. "रविवारी तर ती घरीच असती."

"काय असतं रविवारी घरी?"

"काय न्हाई. आमचे भाऊ येतात. मटण असतंय." पप्पा थांबले. "नेहमीचंच."

डॉक्टरांनी शेवटचा रकाना मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मला वाटलं नव्हतं ते मोठ्यानं वाचतील. 'दोन पातेली रस्सा. अकरा ताटं. पप्पांचा टॉवेल. काकांचं पान. आईनं जेवायला घेतलं तेव्हा पावणेचार. प्राजूचे मोजे.' सोमवारपासूनचं सगळं त्यांनी वाचलं. माझं नाव पाच वेळा आलं. लिहिताना मी मोजलं नव्हतं.

आई खाली बघत होती, साडीचा काठ बोटाला गुंडाळत. वाटलं, ती रागावलीय. मग दिसलं, ती रडत होती, पण आवाज न करता, आणि पप्पांना दिसू नये म्हणून मान वळवून.

"गोळी लागेल," डॉक्टर म्हणाले. "ती मी लिहून देतो, रोज घ्यायची, बरं वाटलं तरी बंद करायची नाही. मीठ कमीच. रोज थोडं चालणं, ते ह्यांचं होतंच. पण ह्या रकान्यातलं औषध माझ्याकडं नाही."

बाहेर आलो. पप्पांनी गाडीची चावी काढली, पण गाडी सुरू केली नाही. कागद त्यांच्या हातात होता. ते तो वाचत होते, हळूहळू, ओठ हलवत, जसे ते दुधाच्या टँकरचे कागद वाचतात. रविवारच्या ओळीशी त्यांचं बोट थांबलं.

"मशीन चुकत असंल काय गं?" त्यांनी मला विचारलं.

"डॉक्टरांनी आत्ता त्यांच्या मशीनवर पण मोजलं, पप्पा. दोन्ही सारखं आलं."

"हां." परत कागद. "टॉवेल मी सवयीनं मागतो. असं काही..." त्यांनी आईकडे बघितलं. "तू बोलली न्हाईस कधी."

"काय बोलायचं त्यात," आई म्हणाली. "तुम्ही काय मारताय काय मला? सगळ्यांच्या घरात असंच असतंय. मलाच ठाऊक नव्हतं, त्याचं बीपी होतंय ते."

पप्पांनी कागदाची घडी घातली, उघडली, परत घातली. आरोग्य केंद्राच्या पायरीवर माळी आजी बसल्या होत्या. त्यांनी आईला हाक मारली, "आशाताई, माझ्या गोळ्या संपल्या बघ!" आई डोळे पुसून लगेच तिकडं निघाली. दोन पावलं गेली आणि थांबली, पप्पांकडे वळून बघितलं. विचारल्यासारखं. चाळीस वर्षांची बाई, पिशवी खांद्याला लावून, नवऱ्याकडे बघत उभी, की मी जाऊ का.

ते मला बघवलं नाही. माझं तोंड त्या वर्षीच उघडलं होतं, आणि ते नेमकं कशासाठी उघडलं होतं, ते मला तिथं कळलं.

"आई, थांब. पप्पा, तुम्ही पण ऐका. मी ठरवलंय," मी म्हणाले. आवाज जरा जास्तच मोठा आला, माळी आजींनी पण कान टवकारले. "येत्या रविवारपासून सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा आई घरात नसणार. छबूमावशीकडं जाईल, मामाकडं जाईल, नाहीतर मारुतीच्या देवळात जाऊन झोपेल, तिची मर्जी. मटण तुम्ही आणि काका करा, एकाच पातेल्यात. भाकरी मी थापते. वाकड्या होतील, खायच्या. आणि माझं नाव त्या कागदावर परत येणार नाही."

"अगं, लोक काय म्हणतील," आई म्हणाली.

"आणि काम?" पप्पांनी विचारलं. आवाज खाली गेला होता. "कामाचं काय ठरवलंस?"

"आई काम सोडणार नाही, पप्पा," मी म्हणाले. "आई रविवार सोडणार आहे."